छोट्या आउटबोर्डसाठी पंखा निवडताना: कमी पिच की जास्त, तीन पाती की चार?

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायची मोटर. तिच्या पंख्यावर ‘९¼ × ११’ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा पाण्यात शिरला असता, तर एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता तेवढी त्याची पिच. पाणी लाकडासारखं धरून ठेवत नाही, म्हणून होडी प्रत्यक्षात त्याहून कमी सरकते. या तुटीला स्लिप म्हणतात.

व्यासाचा फारसा विचार करावा लागत नाही. गिअरबॉक्सचा आकार आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी यांमुळे तो जवळपास ठरलेलाच असतो. निवड करायची ती पिचची, आणि ती वेगाकडे बघून करू नये. तुमच्या रोजच्या वजनासह पूर्ण थ्रॉटलवर इंजिन किती आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठतं, ते पाहून करावी.

आधी मोजणी

मोटरच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची आरपीएम मर्यादा दिलेली असते. बऱ्याच फोर-स्ट्रोक मोटरींसाठी ती ५००० ते ६००० असते, पण आपल्या मोटरचाच आकडा पाहा. टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारं यंत्र) नसेल तर स्पार्क प्लगच्या वायरीभोवती तार गुंडाळून चालणारा छोटा टॅको पुरतो. प्लग दर फेऱ्याला पेटतो की एकाआड एक, त्याप्रमाणे तो सेट करा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसेल.

तळ स्वच्छ असू द्या. नेहमीचं इंधन, नेहमीची माणसं, नेहमीचं सामान घ्या. शांत पाण्यात ट्रिम (मोटरचा कल) नीट लावून पूर्ण थ्रॉटल द्या आणि आकडा स्थिर झाला की टिपा. मग एकट्याने तेच करा. हे दोन आकडे हातात असले की निम्मा निर्णय झालेला असतो.

कमी पिच विरुद्ध जास्त पिच

एक इंच पिच कमी केली की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतात, वाढवली की तेवढेच उतरतात.

जास्त पिचचा पंखा हलक्या होडीला वरचा वेग देतो. तीच होडी भरली की हा पंखा जड पडतो. वरच्या गिअरमध्ये चढ चढवल्यासारखं इंजिन गुदमरतं, होडी नाक वर करून पाणी ढकलत राहते आणि पाण्यावर उठून धावायला वेळ लावते. अशा ओझ्याखाली तासन्‌तास चाललेल्या इंजिनात कार्बन साठतो, पिस्टनवर ताण येतो, पेट्रोलही जास्त जातं. आवाज मात्र शांत असतो, त्यामुळे काही बिघडतंय हे लक्षात येत नाही. म्हणूनच ही चूक पिच कमी घेण्याच्या चुकीपेक्षा जास्त घातक.

कमी पिचचा पंखा भरलेली होडी झटकन उचलतो आणि हळू चालताना चांगला ताबा देतो. पण एकट्याने पूर्ण थ्रॉटल दिलं की इंजिन मर्यादेच्या वर पळू पाहतं. हे लगेच ऐकू येतं, आणि थ्रॉटल थोडं मागे घेतलं की भागतं.

समजा, २० हॉर्सपॉवरची मोटर, चार मीटरची होडी आणि ९¼ × ११ चा पंखा आहे. एकट्याने ५६०० मिळतात, चौघे बसले की ४८००. भरलेली होडी ५००० च्या खाली, म्हणजे हा पंखा चालणार नाही. १० इंची पिच घेतली तर अंदाजे ५८०० आणि ५०००; ९ इंची घेतली तर ६००० आणि ५२००. आठवड्यातले बहुतेक दिवस होडी भरूनच जात असेल तर ९ घ्यावी. बहुतेक वेळा एकटे असाल आणि क्वचितच भरत असाल, तर १० पुरेल. नेहमीच्या वजनाला आकडा मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात येणं सगळ्यात चांगलं.

उंचावरच्या तलावात हवा विरळ असल्याने मोटरची ताकद घटते. तिथे एक-दोन इंच पिच कमी लागते.

स्लिप काढून खात्री करा

आरपीएमला गिअर गुणोत्तराने (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे, त्या आकड्याने) भागा, पिचने गुणा, ६५६ ने भागा. ताशी किलोमीटरमध्ये सैद्धांतिक वेग मिळतो. वरच्या उदाहरणात गुणोत्तर २.०८ धरलं तर ५६०० ÷ २.०८ × ११ ÷ ६५६, म्हणजे सुमारे ४५. जीपीएसवर ३८ दिसत असेल तर स्लिप साधारण १६ टक्के. पाण्यावर उठून धावणाऱ्या हलक्या होडीला १० ते २० टक्के ठीक. ३० च्या वर गेली तर नवा पंखा घेण्याआधी दोष शोधा.

बहुतेकदा मोटर उंच बसवलेली असते. आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर २५ मिलिमीटर वर असावी. त्याहून वर असेल तर वळणावर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, आरपीएम एकदम चढतात आणि ‘पिच कमी पडली’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुसरा दोष पंख्यातला रबरी बुश, म्हणजे आतली नळी आणि बाहेरचा भाग जोडणारं रबर, सुटण्याचा. हळू चालताना सगळं ठीक, थ्रॉटल वाढवलं की इंजिन पळतं आणि होडी जागीच. आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि चालवून बघा. रेघ तुटली तर बुश गेला.

तीन पाती की चार

तीन पाती हा छोट्या होडीचा नेहमीचा आणि बहुतेकदा योग्य पर्याय. चार पातींनी थरथर कमी होते, वळणावर पकड राहते आणि कमी वेगातही होडी पाण्यावर उठलेली राहते. त्याबदल्यात वरचा वेग थोडा जातो आणि त्याच पिचला आरपीएम उतरतात. म्हणून चार पाती घेताना पिच एक इंच कमी घ्या. छोट्या मोटरींना चार पातींचे आकार मोजकेच मिळतात, हेही आहेच.

होडी जड असेल, पाण्यावर उठणारच नसेल किंवा शिडाच्या होडीला मोटर लावायची असेल, तर मोठा व्यास आणि छोटी पिच असलेला जास्त ढकल देणारा पंखा घ्या. तिथे वेगाचा हिशोब करू नका.

धातू कोणता

स्टेनलेसची पाती पातळ आणि ताठ असतात, वाकत नाहीत, म्हणून वेग थोडा वाढतो. पण खडकावर आपटल्यावर पातं वाकत नाही, तेव्हा जास्त धक्का शाफ्ट आणि गिअरला पोचतो. २५ हॉर्सपॉवरच्या आत मिळणारा फायदा इतका लहान आहे की त्याच पैशात वेगवेगळ्या पिचचे दोन ॲल्युमिनियम पंखे घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. ॲल्युमिनियम वाकतं, पण दुरुस्त होतं. काठावरचा लहान ठेचा कानसीनेही निघतो. वाकलेलं पातं मात्र तसंच चालवू नका, थरथरीने बेअरिंग आणि सील जातात. कंपोझिट (धाग्यांनी बळकट केलेल्या प्लास्टिकच्या) पंख्याचं पातं वाकत नाही, तुटतं. काही प्रकारांत एकेक पातं बदलता येतं, त्यामुळे सुटा पंखा म्हणून होडीत ठेवायला तो उत्तम.

फार छोट्या मोटरींत बुशऐवजी शिअर पिन असते. ती आपटल्यावर तुटण्यासाठीच मऊ केलेली असते. तिच्या जागी खिळा किंवा स्टीलची सळई घातली तर पुढच्या धक्क्याला गिअर तुटतात. दोन सुट्या पिना आणि पक्कड कायम बरोबर असू द्या.

बसवताना

विकत घेण्याआधी शाफ्टवरचे दाते मोजा. जवळच्या ताकदीच्या दोन मोटरींचे पंखेही एकमेकांना बसतीलच असं नाही. काम सुरू करताना किल-स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढा आणि स्पार्क प्लगची वायर सोडवा. पंखा हाताने धरू नका, पातं आणि आडवी पट्टी यांत लाकडी ठोकळा अडकवा. जुना पंखा निघाला की शाफ्टवर गुंडाळलेली मासेमारीची तंगूस काढा. ती सील कापते, पाणी आत शिरतं आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं. दात्यांना पाण्यात टिकणारं ग्रीस लावा. पंख्यापुढचा थ्रस्ट वॉशर विसरलात तर पंखा गिअरबॉक्सला घासतो. नट पुस्तिकेप्रमाणे आवळा, स्प्लिट पिन नवीच घाला आणि पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा.