इन्सुलिनच्या ‘कोल्ड’ डब्यांत ६५,००० रुपये गेले, मेडिकलवाल्यांनो वाचा

सांगलीत विश्रामबागला माझं मेडिकल आहे, चौदा वर्षं झाली. हे लिहायला लाज वाटतेय. बी.फार्म. झालेली बाई थर्मामीटरवरून फसली, असं लोक म्हणणार. म्हणू देत. तो माणूस अजून आपल्याच जिल्ह्यात दुकानं फिरतोय, म्हणून लिहितेय.

माझ्याकडून जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडच्या पेशंटना इन्सुलिन जातं. कुणी एसटीने मागवतं, कुणी वडापवाल्याकडे, म्हणजे शेअर जीपवाल्याकडे, द्यायला सांगतं. आजवर थर्माकोलचा डबा, जेल पॅक आणि चिकटपट्टी एवढ्यावर भागत होतं. पण एप्रिल लागला की जीव टांगणीला लागतो. वडापवाल्याने डबा टपावर टाकला किंवा इंजिनाशेजारी ठेवला तर संपलंच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. गोठलं तर फेकूनच द्यायचं, मग वितळल्यावर ते कितीही चांगलं दिसो. बिघडलेली बाटली बघून दर वेळी ओळखू येतेच असं नाही. माझी ही धास्ती त्या माणसाने बरोबर हेरली.

तो एका एमआरचं, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीचं, नाव सांगत आला. (त्या एमआरला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, मी असल्या कुणाला ओळखतच नाही. हा फोन मी आधी करायला हवा होता.) लाल झाकणाचा जाड डबा, जेल पॅक आणि वायर असलेलं डिजिटल थर्मामीटर, असा सेट त्याने काउंटरवर मांडला. वायर डब्यात, मीटर बाहेर चिकटवलेलं, म्हणजे झाकण न उघडता आतलं तापमान दिसणार. अर्ध्या तासाने ५.३ दिसत होतं. “मॅडम, अठ्ठेचाळीस तास हलणार नाही,” म्हणाला.

आता जे सांगतेय ते आठवलं की रात्री झोप लागत नाही. त्याने मीटर आधी चालू केलं आणि वायर नंतर डब्यात सोडली. मधली दोन मिनिटं वायर माझ्या काचेच्या काउंटरवर पडलेली होती. वरून पंख्याचा गरम वारा येत होता. भिंतीवरचं आमचं थर्मामीटर ३६ दाखवत होतं. आणि त्याच्या मीटरवर आकडा होता ५.२. मी तो पाहिला. माझ्या डोळ्यांनी पाहिला. उघड्या हवेत ५.२ कसं असेल, एवढा एक प्रश्न तोंडातून निघाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. मला वाटलं, आत्ताच चालू केलंय, सेट होत असेल.

संध्याकाळचे सात वाजले होते. शेजारच्या डॉक्टरांची ओपीडी सुटलेली, दुकानातला मुलगा रजेवर, दुसऱ्या दिवशी मिरजेत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. अशा वेळी कोण काय तपासणार? आणि मी काही हावरटपणा केला नव्हता. स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं नाही, पेशंटचं औषध नीट पोचावं म्हणून घेतलं.

हिशोब असा. २४ डबे, प्रत्येकी १,४५० म्हणजे ३४,८००. २४ मीटर, प्रत्येकी ६५० म्हणजे १५,६००. ६० जेल पॅक, प्रत्येकी ८५ म्हणजे ५,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ९,९९०. बेरीज ६५,४९०. वरचे ४९० त्याने ‘आपल्या ओळखीखातर’ सोडले. ३०,००० यूपीआयने दिले, ३५,००० माल आल्यावर बँकेतून पाठवले. बिलावर जीएसटी नंबर होता. तो पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. मी पैसे गेल्यावर बघितला, तर नंबर दुसऱ्याच धंद्याचा.

तीन आठवडे मी त्या डब्यांतून इन्सुलिन पाठवलं. मग जतकडच्या एका गुरुजींच्या सूनबाईंचा फोन आला. गुरुजींची उपाशीपोटीची शुगर १४० च्या आसपास असायची, ती २९० वर गेली होती. गोळ्या, जेवण सगळं तेच. त्या म्हणाल्या, “ताई, तुमचा डबा रिकामा करून अंगणात उन्हात ठेवलाय. तरी मीटर ५.२ च दाखवतंय. हा आकडा हलत का नाही?”

मी फोन ठेवला आणि समोरच्या चहाच्या कपात वायर बुडवली. चहा वाफाळत होता. मीटर म्हणालं ५.३. थोड्या वेळाने ५.१. स्क्रू काढून उघडलं तर वायर आत कुठे जोडलेलीच नव्हती, गोंदाने नुसती चिकटवलेली. आकडा खरा वाटावा म्हणून तो थोडा खालीवर व्हायची सोय मात्र केलेली होती. जेल पॅकवर ५०० ग्रॅम छापलेलं, काट्यावर भरले ३१०. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही.

थर्मामीटर घेताना एका ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या, ढवळा, वायर बुडवा. शून्याच्या जवळ यायला हवं. मग बाहेर काढून मुठीत धरा, आकडा चढायला हवा. विकणाऱ्याच्या समोर करा, त्याला वाईट वाटलं तर वाटू द्या.

सतरा पेशंटना मी स्वतः फोन केले. सगळ्यांना माल बदलून दिला. माझ्या खरेदीच्या भावाने ११,२६० रुपये गेले. एकूण ७६,२६०. गुरुजींची शुगर आता खाली येतेय, पण त्यांच्या सूनबाईंशी बोलताना माझा आवाज अजून चोरटा होतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा तुमचा व्यापारी व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा. मी म्हटलं, हे मीटर उघडून बघा, हा व्यवहार नाही, बनवाबनवी आहे. साहेबांनी मीटर हातातसुद्धा घेतलं नाही. एका सरकारी कार्यालयात सांगितलं, डबा म्हणजे औषध नाही, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयाने जेल पॅकच्या वजनाची तक्रार लिहून घेतली आणि विचारलं, विक्रेत्याचा पत्ता द्या. पत्ता असता तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? ग्राहक तक्रारीला गेले तर म्हणे तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यासाठी घेतलेली धरत नाहीत. हे मी त्यांना वाचून दाखवलं. “वकील लावा,” म्हणाले. चार ठिकाणी सात चकरा झाल्या, दुकान बंद ठेवून. माझ्या फ्रिजच्या तापमानाची वही मला विचारली जाते, ती मी रोज लिहिते. मग खोटं मीटर विकणाऱ्याला विचारणारं कुणीच नाही? उद्या त्या डब्यातून लस गेली तर? आजारी माणसाच्या जिवाशी खेळ झाला तरी तो ‘आमच्याकडे येत नाही’?

ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच कळलं तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मला तीन आठवड्यांनी कळलं, खातं कधीच रिकामं झालं होतं.

त्या विक्रेत्याने मीटर अचूक असल्याचं एक सर्टिफिकेटही दिलं होतं. २४ मीटरना मिळून एकच कागद, त्यावर एकच नंबर. खऱ्या सर्टिफिकेटवर त्या-त्या मीटरचा स्वतःचा नंबर असतो आणि लॅबचं नाव लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या साइटवर शोधता येतं. मी कागदावरचा शिक्का बघून फाइलला लावला.

सध्या मी परत जुन्याच पद्धतीवर आले आहे. जाड थर्माकोल, दोन जेल पॅक. फ्रीझरमधून काढलेला पॅक थेट बाटलीला लावू नका, इन्सुलिन गोठेल. वरचं पांढरं दव जाईपर्यंत पॅक बाहेर ठेवायचा, मग मध्ये पुठ्ठा, बाटल्यांना कापड, आणि डब्यावर मार्करने ‘ऊन लावू नका’. वडापवाल्याला पायाशी सावलीत ठेवायला सांगते आणि समोरच्याला गाडीचा नंबर कळवते.

परवा तासगावच्या एका दुकानदाराचा फोन आला. तोच लाल झाकणाचा डबा, नाव दुसरं. मी विचारलं, वायर बाहेर असताना मीटर काय दाखवत होतं? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, दहा हजार ॲडव्हान्स दिलाय मी.”