दाढांवरील सीलंट : लस नसताना मिळणारे कवच

मुलीच्या कायमच्या पहिल्या चार दाढा सहाव्या वर्षी वर आल्या, तेव्हा कीड रोखणारी लस टोचून घेता येईल का, असे मी दंतवैद्यांना विचारले होते. त्यांनी सीलंट सुचवले. त्याला आता दोन वर्षे झाली.

दाढेच्या माथ्यावरील खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस त्यांच्या तळाशी पोहोचतच नाही. सीलंट म्हणजे त्या खाचा बुजवणारा रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, पातळ थर. दाढ स्वच्छ करून तिच्यावर काही सेकंद फॉस्फोरिक आम्लाचे जेल ठेवतात, ते धुऊन दाढ कोरडी केली की एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, खडूसारखे पांढरे दिसते, आणि मग त्यावर रेझिन पसरवून निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात. आम्लाने एनॅमल खरबरीत करण्याची ही युक्ती अमेरिकी दंतसंशोधक मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. भूल नाही, ड्रिल नाही. मुलगी निमूट बसून होती, हे मला त्याहून विशेष वाटले.

खरी अडचण लाळेची. चौथ्या दाढेच्या वेळी तिने जीभ फिरवली, कोरडी केलेली दाढ ओली झाली, आणि तिथला थर आठ महिन्यांत निखळला. दर सहा महिन्यांनी तपासणी हवी, हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते. शिवाय दोन दातांमधल्या फटीला सीलंटचे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे फ्लोराईडची टूथपेस्ट आणि गोडावरचा लगाम सुटत नाही.

लसीची आशा मात्र जुनी आहे. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू क्लार्क या संशोधकांनी १९२४ मध्ये ओळखला आणि १९६९ मध्ये बोवेन या संशोधकांनी माकडांवर लसीचा प्रयोग केला. परंतु या जंतूविरुद्धची काही प्रतिपिंडे (जंतूंशी लढण्यासाठी शरीर बनवते ती प्रथिने) हृदयाच्या ऊतींनाही चिकटतात, अशी शंका पुढे आली, आणि जीव न घेणाऱ्या रोगासाठी निरोगी बालकाला असा धोका पत्करायला लावणे कोणालाही जड जाईल. त्यात एनॅमलला रक्तपुरवठा नसतो, म्हणून प्रतिपिंडे लाळेतून किंवा हिरडीच्या कडेने झिरपणाऱ्या द्रवातूनच तिथवर पोहोचायला हवीत. आणि दात किडवणारे आम्ल तयार करणारे जंतूही एकाहून अधिक आहेत. शिवाय हा जंतू बहुधा आईच्या लाळेतून, कायमच्या दाढा येण्याच्या कितीतरी आधी बाळाच्या तोंडात वस्तीला येतो, तेव्हा माझा प्रश्न तसाही उशिराचाच होता.

चारपैकी तीन थर आजही शाबूत आहेत आणि चौथा पुन्हा बसवला आहे. बाराव्या वर्षी पुढच्या दाढा आल्या की त्यांनाही सीलंट लावून घेऊ. त्या वेळी लाळ दूर ठेवणारा रबर डॅम वापरावा, असे मी आधीच सांगून ठेवले आहे.