घरी छापलेले डिकल: ठाण्यातला एक पावसाळा काढल्यावरचं मत

मुंबई लोकलच्या डब्याचं मॉडेल एचओमध्ये, म्हणजे १:८७ मापात करायचं तर ‘मध्य रेल’, ‘महिलांसाठी’ ही देवनागरी अक्षरं तयार मिळायची मारामार. म्हणून उन्हाळ्यात इंकजेट प्रिंटरचा पारदर्शक वॉटरस्लाइड कागद मागवला. त्यावर छापून पाण्यात भिजवलं की वरची पातळ फिल्म सुटते आणि मॉडेलवर सरकवून बसवता येते; हाच डिकल.

फिकट रंगावर काम झकास होतं. पण घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे जांभळ्या पट्ट्यावर पिवळी अक्षरं लावली की ती दिसतच नाहीत. तिथे पांढरा डिकल कागद घ्यायचा, जांभळ्या पार्श्वभूमीसकट छापायचं आणि कडेकडेने कापायचं. रंग मात्र आधी छापून बघा आणि डब्याचा रंग त्याला जुळवा. उलटं करायला गेलात तर शाई संपेल, छटा जुळणार नाही.

खरी कसोटी अक्षरांची. प्रत्यक्षात १० सेंटिमीटर उंच अक्षर इथे सव्वा मिलिमीटरही भरत नाही. ठळक फॉन्ट असेल तर ‘ध्य’चं पोट बुजतं आणि ‘महिलांसाठी’मधला अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. मी बारीक फॉन्ट घेतला आणि अनुस्वार सुटा करून केसभर वर सरकवला. आता भिंगातून नीट वाचता येतं. (भिंगाशिवाय कोण वाचणार, हे घरच्यांनी विचारून झालंय.)

इंकजेटची शाई पाण्यात उतरते, म्हणून छपाईवर क्लिअर लॅकरचे (पारदर्शक वॉर्निशचे) दोन-तीन पातळ हात हवेतच. जाड हात दिला तर फिल्मची कड उठून दिसते. जुलैत हेच काम डोकेदुखी होतं: लॅकरमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पांढुरकी झाक येते. वर्षभराची छपाई मे महिन्यातच उरकावी. डिकल लावण्याआधी डब्यावर ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वॉर्निशचा हात द्या. मॅट रंगावर फिल्मखाली हवा अडकून चंदेरी डाग पडतात.

कागदाबद्दल तक्रार एकच. एकाच पाकिटातले काही ताव पाण्यात सुटताना तडकले. विक्रेत्याने ‘पाणी कोमट घ्या’ एवढंच कळवलं. कोमटच होतं!

लेझर प्रिंटरचा टोनर (पावडरची शाई) पाण्याने जात नाही, तेव्हा अक्षरांसाठी पुढचं पाकीट लेझरच्या कागदाचं. प्रिंटवाल्याला पाकीट दाखवूनच ताव द्या. इंकजेटचा कागद लेझरच्या उष्णतेने आत वितळून चिकटू शकतो, मग मशीनचा खर्च तुमच्या डोक्यावर. फर्स्ट क्लासच्या तिरप्या लाल-पिवळ्या पट्ट्या मात्र पांढऱ्या इंकजेट कागदावरच करणार. त्या फारच सुरेख उतरल्यात.