दिलं ४० ग्रॅम, घेतलं ४० ग्रॅम, तरी १० ग्रॅम गेलं कुठे?

जुन्या पाटल्या मोडून बोरमाळ करायला टाकायची, हा लग्नसराईतला नेहमीचा व्यवहार. समजा, पाटल्या ४० ग्रॅम भरल्या. महिन्याने बोरमाळ आली, काटा पुन्हा ४० दाखवतो. मजुरी देऊन गिऱ्हाईक खुशीत घरी जातं. पुढे अडीनडीला माळ मोडायला नेली, की दुसरा सराफ सांगतो, सोनं तीसच ग्रॅम आहे, बाकी मण्यांत भरलेली लाख.

लाख असणं हा गुन्हा नव्हे. बोरमाळेचे मणी किंवा कोल्हापुरी साजातले जवमणी पातळ पत्र्याचे असतात, आधार नसेल तर चेपतात. लबाडी आहे ती लाखेला सोन्याचा भाव लावण्यात. म्हणून लाख भरण्याआधी रिकाम्या मण्यांचं वजन समोर करून घ्यायचं आणि ऑर्डरच्या पावतीवर लिहून घ्यायचं. लाख आत गेली की मणी वितळवल्याशिवाय खरा आकडा निघत नाही. मंगळसूत्राचे काळे मणी, तुशीचा दोरा-गोंडा, खडे यांचंही वजन वेगळं लिहिलेलं हवं. बिलावर एकूण आणि निव्वळ अशी दोन वजनं नसतील तर पैसे देऊ नयेत.

दुसरी गळती आटवताना. ‘कारखान्यात पाठवतो’ असं म्हटलं की सावध व्हावं. सोनं डोळ्यांसमोर आटवावं, आधी-नंतर त्याच काट्यावर तोलावं, काटा शून्यावर आहे ना ते पाहावं. खडे, लाख, मळ जाऊन थोडी तूट येतेच. स्वच्छ, भरीव पाटल्यांत मोठी तूट आली तर मूस, म्हणजे सोनं आटवायचं भांडं, बघायला मागा. आटवताना घातलेल्या टाकणखाराच्या थरात सोन्याचे कण अडकून राहतात आणि ते नंतर दुकानदाराचेच होतात.

मग टंच, म्हणजे शंभरात किती भाग शुद्ध सोनं. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध. ४० ग्रॅमचं शुद्ध सोनं ३६.६४ ग्रॅम. दुकानदाराने नुसतं कसोटीवर घासून ‘८४ टंच’ म्हटलं की हिशोब ३३.६० वर येतो. तीन ग्रॅम शुद्ध सोनं एका वाक्यात गेलं! क्ष-किरणांनी टंच मोजणारं एक्सआरएफ यंत्र फक्त वरचा थर वाचतं, त्यामुळे आटवून केलेल्या लगडीचाच टंच ग्राह्य धरावा. त्यात घट, म्हणजे आटवताना-घडवताना वाया जाणारं सोनं, जुन्या सोन्यावरही कापायची आणि नव्या दागिन्यावरही लावायची, ही तर सर्रास चाल. घट किती टक्के, कशावर, आणि मजुरीत ती धरली आहे का, हे ऑर्डर देतानाच लिहून घ्यावं.

१ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरी एचयूआयडीशिवाय (दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. हा शिक्का शुद्धतेचा; लाखेचा भार तो सांगत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि सराफाची नोंद दिसते. हातात माळ आणि ॲपवर अंगठी दिसली, तर तो शिक्का दुसऱ्याच दागिन्याचा. शिक्का बसल्यावर नंतर हलक्या टंचाची कडी किंवा साखळी जोडण्याचा प्रकारही चालतो, म्हणून वजन शिक्क्यानंतरही करावं. कुंदन, पोलकी, जडाव आणि दोन ग्रॅमखालचे दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. ऑर्डरीचं कुंदनकाम म्हणूनच सगळ्यात निसरडं.

शंका आली तर मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात पैसे भरून तपासणी करून मिळते. हॉलमार्कच्या दागिन्याचा टंच कमी निघाला तर त्या वजनावरच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. मात्र ही भरपाई शुद्धतेच्या तुटीची. लाखेला सोन्याचा भाव लावल्याची तक्रार ग्राहक आयोगात न्यावी लागते (हेल्पलाइन १९१५), आणि तिथे ‘अंदाजे ४० ग्रॅम’ लिहिलेली कच्ची पावती फारशी टिकत नाही.