ख्रिसमसला भाचरांना किव्हाचं कार्ड दिलं, त्याचा वर्षभराचा अनुभव

अमेरिकेत डिसेंबर लागला की भाचरांना काय द्यायचं, हा प्रश्न दरवर्षी पडतो. त्यांच्या खोल्या खेळण्यांनी आधीच भरलेल्या. म्हणून गेल्या ख्रिसमसला प्रत्येकाला किव्हाचं २५ डॉलरचं कार्ड दिलं. बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

किव्हा ही सॅन फ्रान्सिस्कोची ना-नफा संस्था, २००५ पासूनची. तिच्या साइटवरून आपल्यासारख्या सामान्य माणसांना दूरदेशीच्या गरजूंना छोटी कर्जं देता येतात. कार्डावरचा कोड साइटवर टाकला की तेवढी रक्कम खात्यात जमा होते आणि ती आपण निवडलेल्या छोट्या कर्जात घालता येते. कर्जदार हप्ते फेडेल तसे पैसे खात्यात परत येतात, मग ते दुसऱ्या कुणाला देता येतात. आपल्याला व्याज मिळत नाही. मुलं लहान, म्हणून खाती ताईच्या देखरेखीखाली काढली.

खरी भेट कार्ड नव्हे, निवड करणं ही आहे, असं माझं ठाम मत झालंय. ताईची मोठी लेक लॅपटॉप घेऊन बसली ती उठेचना. एकीकडे बियाणं-खतासाठी कर्ज मागणारी केनियातली शेतकरी बाई, दुसरीकडे फिलिपिन्समधली सारी-सारी चालवणारी बाई. सारी-सारी म्हणजे घरातूनच चालवलेलं छोटं किराणा दुकान. "दुकान आहे ना तिचं, मग कर्ज कशाला, मावशी?" तिथून माल भरणं, उधारी, खेळतं भांडवल असं सगळं निघालं. शेवटी तिनं दुकानवालीला निवडलं. २५ डॉलर बारा हप्त्यांत फिटायचे तर महिन्याला दोन डॉलर आणि काही सेंट. एवढ्याशा रकमेचा ईमेल आला तरी पोरगी फोन करून सांगते. पहिला पूर्ण परतावा झाल्यावर पुढचं कर्ज तिनं कुणालाही न विचारता दिलं.

आता मोठ्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी. गावाकडे आई बचत गटात आहे. फोनवर तिचा पहिला प्रश्न, "व्याज कुणाच्या खिशात जातं?" अगदी नेमका प्रश्न. गटात बायका आपसात कर्ज देतात तेव्हा व्याज गटातच राहतं. इथे आपण बिनव्याजी पैसे देतो, पण बहुतेक कर्जं स्थानिक भागीदार संस्थेमार्फत जातात आणि ती संस्था कर्जदाराकडून व्याज घेते. गावोगाव जाऊन एवढीशी कर्जं द्यायची आणि वसूल करायची, तर खर्च मोठा येतो, त्यामुळे दर आपल्याला चढा वाटू शकतो. म्हणून कर्जाच्या पानावर भागीदाराची माहिती असते ती वाचूनच निवडा. आम्ही फक्त फोटो पाहून काहीच ठरवत नाही.

दुसरं म्हणजे बऱ्याचदा फोटोतल्या माणसाला भागीदार संस्थेनं पैसे आधीच दिलेले असतात. आपले पैसे त्या संस्थेकडे जातात, म्हणजे तिला पुढची कर्जं देता येतात. हे मी मुलांना सरळ सांगितलं. त्यांचा उत्साह जराही कमी झाला नाही, उलट साखळी नीट कळली.

पैसे बुडूही शकतात. पीक गेलं, संस्था अडचणीत आली किंवा तिथलं चलन घसरलं तर पूर्ण रक्कम परत येईलच असं नाही. ही ठेव नाही, हे भेट देतानाच सांगावं. शिवाय हे कर्ज असल्यामुळे अमेरिकेत त्यावर करसवलत नाही. किव्हाच्या खर्चासाठी आपण वर काही दिलं तर ते दान धरलं जातं. पैसे भरताना ही ऐच्छिक रक्कम समोर येते, ती हवी तेवढी ठेवता येते, शून्यसुद्धा करता येते.

ज्यांना पाकीट उघडून हातात वस्तू हवी, त्यांना हे देऊ नका. वाचता येणारी, प्रश्न विचारणारी मुलं असतील आणि शेजारी बसायला कुणी मोठं माणूस असेल तर जरूर द्या. ईमेलनं पाठवण्यापेक्षा कार्ड छापून हातात द्या आणि त्याच सुट्टीत वापरायला लावा, कारण कार्डाला मुदत असते. यंदाही धाकट्यासाठी तेच घेतेय. त्याला शेळ्या पाळणारं कुणीतरी हवंय, असं त्यानं आधीच बजावून ठेवलंय.