सायकल घेण्याआधी करून घेतलेले फिटिंग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सप्टेंबरमध्ये मी नागपुरातच व्यावसायिक बाइक फिटिंग, म्हणजे सायकल आपल्या शरीराला नेमकी बसावी म्हणून तज्ज्ञाकडून मोजमाप, करून घेतले, त्या मापांप्रमाणे ऑक्टोबरमध्ये नवी रोड सायकल घेतली आणि आता, जूनच्या पहिल्या आठवड्यात, तिच्यावर ३,८०० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. फिटिंगला ६,५०० रुपये लागले आणि सायकल ९२,००० रुपयांना मिळाली, म्हणजे सायकलीच्या किमतीच्या सुमारे सात टक्के रक्कम मी सायकल हाती येण्याआधीच खर्च केली होती. हे पैसे कारणी लागले का, असे फुटाळा तलावावर सकाळी भेटणारे अनेक जण विचारतात. माझे उत्तर ‘हो’ असेच आहे. पण त्यामागची कारणे आणि मधल्या काळातील अडचणी उभ्याउभ्या सांगता येत नाहीत, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझी आधीची सायकल हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलीच्या मधल्या धाटणीची, होती. २०२० साली टाळेबंदी शिथिल झाल्यावर सायकलींना एवढी मागणी आली की हव्या त्या मापाची सायकल मिळणे दुरापास्त झाले होते. माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे आणि दुकानात फक्त मीडियम फ्रेम शिल्लक होती. दुकानदाराने मला तिच्यावर बसवले, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घेतली, हँडल लांब पडते म्हणताच तीच सीट पुढे सरकवून दिली आणि “मॅडम, आता बरोबर बसली,” असे सांगितले. मीही ते खरे मानले. पुढे चार वर्षे सेमिनरी हिल्सचा चढ चढताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ येत असे आणि तासाभरात दोन्ही हातांची करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होत असे. वय वाढत चालले आहे, आता हे व्हायचेच, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. आज त्या चार वर्षांचे मला खरोखर वाईट वाटते.

आपल्या शहरातील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ माझ्या मनात होती. त्या ओढीपोटीच गेल्या वर्षी रोड सायकल घ्यायचे ठरवले. सवलतीत मिळणारी, शर्यतीच्या बांधणीची एक देखणी स्मॉल फ्रेम मी हेरूनही ठेवली होती आणि बयाणा देण्याच्या बेतात होते. तेवढ्यात महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने, जो स्वतः अनेक वर्षे सायकल चालवतो, आधी माप घेण्याचा आग्रह धरला. घरी सासूबाईंना हा खर्च अनाठायी वाटला, आणि खरे सांगायचे तर मलाही त्या दिवशी तसेच वाटत होते.

फिटिंगला अडीच तास लागले. फिटिंग करणारे गृहस्थ मूळचे फिजिओथेरपिस्ट. पहिला पाऊण तास त्यांनी सायकलीचा विषयच काढला नाही. जुनी दुखापत, बसून काम किती तास, आठवड्यात किती किलोमीटर, पुढे काय करायचे आहे, हे सगळे लिहून घेतले. मग टेबलावर झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून मांडीचे मागचे स्नायू कितपत ताणले जातात ते पाहिले. माझे बरेच आखडलेले निघाले. त्यानंतर भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर धरून पायांच्या आतल्या बाजूचे माप घेतले. ते ७५ सेंटिमीटर भरले. उंचीच्या मानाने माझे पाय लांब आणि धड आखूड आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा राहिला.

नंतर मला एका जागेवर पक्क्या केलेल्या, सर्व बाजूंनी कमीजास्त करता येणाऱ्या मोजमापाच्या सायकलवर बसवले. घोटा, गुडघा, खुबा, खांदा, कोपर आणि मनगट यांवर छोट्या टिकल्या चिकटवल्या आणि बाजूला कॅमेरा लावला. सुरुवातीला त्यांनी माझ्या हायब्रिडचीच मापे त्या सायकलला दिली. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा, असा संकेत आहे; माझा ४८ अंशांत वाकत होता. इतक्या खाली बसून जोर लावला की गुडघ्याच्या पुढच्या भागावर दाब वाढतो. पॅडल आडवे, पुढच्या बाजूला आणून त्यांनी गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खालून ओळंबा सोडला. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला वापरतात, तसाच, पितळी लंबक असलेला. दोरी पॅडलच्या आसावरून किंवा त्याच्या आसपास जावी, ही जुनी पद्धत आहे. माझी दोरी तब्बल साडेतीन सेंटिमीटर पुढे पडली. तो लंबक पॅडलच्या पुढे हवेत झुलताना पाहिला आणि चार वर्षांच्या दुखण्याचा उलगडा झाला. हँडल जवळ आणण्यासाठी सीट पुढे सरकवायची नसते. सीटची जागा क्रँकच्या, म्हणजे पॅडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्याच्या, आसाशी ठरते, हँडलशी नाही, आणि हँडल लांब पडत असेल तर फ्रेम किंवा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) आखूड हवा, एवढी साधी गोष्ट मला विकताना कोणी सांगितली नव्हती.

सीटच्या उंचीसाठी एक प्रसिद्ध सूत्र आहे. १९८६, १९८९ आणि १९९० असे तीन वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ते ओळखले जाते : पायाच्या आतल्या मापाला ०.८८३ ने गुणायचे. त्यानुसार क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत माझी उंची ६६.२ सेंटिमीटर येते. प्रत्यक्षात माझ्या आखडलेल्या स्नायूंमुळे त्या उंचीवर कंबर डावीउजवीकडे डुलत होती, म्हणून त्यांनी ती टप्प्याटप्प्याने ६५.४ वर आणली. घरी सूत्र वापरून सुरुवात जरूर करावी, पण शेवटचे आठ मिलिमीटर कोणीतरी आपल्याला पॅडल मारताना पाहूनच ठरवू शकते, असे माझे मत झाले आहे.

खरेदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ठरले ते स्टॅक आणि रीच हे दोन आकडे. क्रँकच्या आसापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि तेवढ्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर म्हणजे रीच. स्मॉल, मीडियम ही नावे किंवा ५० आणि ५२ हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने देते. स्टॅक आणि रीच मात्र सगळीकडे एकाच तऱ्हेने मोजतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या फ्रेमची तुलना त्यांच्याच आधारे करता येते. मला मिळालेल्या कागदावर स्टॅक ५४० मिलिमीटरच्या पुढे आणि रीच ३७० च्या आत असावा, असे स्पष्ट लिहिले होते. मी हेरलेल्या शर्यतीच्या फ्रेमचा स्टॅक ५१८ आणि रीच ३८३ होता. लेबल स्मॉलचेच, उंचीच्या तक्त्यातही चपखल बसणारे. तरीही माझ्या आखूड धडाला तीवर पुन्हा ताणूनच बसावे लागले असते. तो बयाणा मी दिला नाही. पंधरा दिवस कंपन्यांचे तक्ते चाळून, लांब पल्ल्यासाठी केलेली, ५४६ स्टॅक आणि ३६६ रीच असलेली फ्रेम निवडली. दिसायला ती तेवढी झोकदार नाही आणि त्याची मला खंत नाही.

सायकल आल्यावर काही भाग बदलावे लागले. तिच्यासोबत ४२ सेंटिमीटर रुंदीचे हँडल आले होते, माझ्या खांद्यांना ३८ हवे होते. विक्रेत्याने ते मागवायला तीन आठवडे लावले आणि वेगळे पैसे घेतले. हा खर्च आधीच धरून ठेवायला हवा होता. क्रँक १६५ मिलिमीटरचा सुचवला होता, सायकलला १७० चा आहे. तो बदल महाग पडत होता म्हणून राहू दिला आणि अद्याप त्रास नाही. ब्रेकच्या लिव्हरजवळ एक लहान स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर हँडलजवळ आणता येतो. लहान हातांच्या स्त्रियांनी तेवढे मागून घ्यावेच. चढउतारावर ब्रेक बोटांच्या टप्प्यात असणे ही सुरक्षिततेची गोष्ट आहे.

वापराचा अनुभव सांगते. पहिल्याच महिन्यात गुडघ्याची कळ थांबली. बोटांचा बधिरपणा हळूहळू गेला. करंगळीच्या बाजूने तळहातातून जाणाऱ्या अल्नर नर्व्हवर शरीराचा भार पडत होता, तो आता सीट आणि पायांवर गेला आहे. डिसेंबरपासून रविवारी रामटेकला जाऊन येणे, म्हणजे जवळपास शंभर किलोमीटर, सवयीचे झाले. फेब्रुवारीत बुटीबोरी, केळझर, सेलू या मार्गाने सेवाग्राम गाठून त्याच दिवशी परत आले, सुमारे दीडशे किलोमीटर. केळझरला गणपतीच्या दर्शनासाठी उतरले तेव्हा लक्षात आले की मी अजून एकदाही हात झटकलेले नाहीत. पूर्वी वीस किलोमीटरनंतर सिग्नलला थांबले की हात झटकणे हा नित्यक्रम होता. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेल्यावर पहाटे पाचला निघून साडेसातच्या आत गोरेवाड्याकडून परतावे लागते, पण तेवढ्या वेळातही शरीर पूर्वीसारखे शिणत नाही.

तरीही सारे काही पहिल्या दिवशीच जमले, असे नाही. फिटिंगला मी रोजचे जाड तळव्याचे बूट घालून गेले होते आणि दोन महिन्यांनी क्लीट (पॅडलमध्ये अडकणारी तळव्याखालची पट्टी) असलेले पातळ तळव्याचे बूट घेतले. आठवड्याभरात गुडघ्याच्या मागे ओढल्यासारखे दुखू लागले. तळवा पातळ झाला की पाय तेवढा आखूड पडतो आणि सीट आपोआप उंच ठरते. सीट पाच मिलिमीटर खाली घेताच दुखणे गेले. ही चूक माझी होती, मात्र बूट बदलणार आहात का, हे त्या लांबलचक प्रश्नावलीत विचारायला हवे होते. सीटचेही तसेच. बसण्याच्या हाडांमधील अंतर मोजून रुंदी बरोबर सुचवली होती, पण आकार मला मानवला नाही. पंधरा मिनिटांत चांगली वाटलेली सीट दोन तासांनंतर कशी वागेल, ते मोजमापाच्या सायकलवर कळत नाही. डिसेंबरमध्ये ती बदलली, तेव्हापासून ठीक आहे. पैसे भरताना आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : खरेदीपूर्वीचे माप आणि सायकल आल्यानंतर तिच्यावर बसवून केलेले फिटिंग ही दोन वेगळी कामे आहेत. माझ्या शुल्कात दोन्ही होती आणि दुसऱ्या भेटीशिवाय पहिलीचा उपयोग अर्धाच झाला असता.

सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, मी फ्रेमला लागून लाल इन्सुलेशन टेपचा एक वेढा दिला आहे. मार्चमध्ये सर्व्हिसिंगहून आल्यावर तो वेढा फ्रेमपासून बोटभर वर दिसला. कारागिराने सीट काढून अंदाजाने बसवली होती. टेप नसती तर मी त्या उंचीवर रामटेकपर्यंत गेले असते आणि दुखण्याचे कारण शोधत बसले असते.

भाजीला किंवा शिकवणीला जाण्यापुरती सायकल वापरणाऱ्यांनी एवढा खर्च करावा, असे मी म्हणणार नाही. आठवड्याला शंभर किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्यांनी, आणि काही दुखत असेल तर त्याहून कमी जाणाऱ्यांनीही, नवी सायकल ठरवण्याआधी जावे. नंतर गेल्यास चुकीच्या फ्रेमवर स्टेम बदलण्यापलीकडे फारसे काही हाती राहत नाही. हे मी जुन्या हायब्रिडवर करून पाहिले आहे. त्याच कागदावरच्या मापांनी तिची सीट चार सेंटिमीटर वर आणि मागे घेतली, आखूड स्टेम बसवला आणि आता तिच्यावरून महाविद्यालयात जाते. गुडघा दुखत नाही. हात मात्र तासाभराने अजूनही भरून येतात, कारण ती फ्रेम मुळातच माझ्यासाठी लांब आहे.