चिऱ्याच्या भिंती आणि दोन डब्यांचं वाय-फाय

आधीच सांगते, कंपनीचं नाव इथे मिळणार नाही. एसी१२०० ह्या वेग-वर्गातला, दोन डब्यांचा, वाय-फाय ५ चा मेश संच घेतलाय, म्हणजे दोन डबे मिळून घरभर एकच वाय-फाय पसरवतात. ह्या किमतीत तीन-चार कंपन्यांचे मिळतात आणि आतून फार वेगळे नसतात. मला लिहायचंय ते हा संच जुन्या कोकणी घरात कसा चालतो त्याबद्दल. खोक्यावर जे गुळगुळीत दिवाणखान्याचं चित्र असतं, तसं घर आमचं नाही.

घर देवरुखच्या अलीकडे. पुढची पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी अशी सरळ आगगाडी. मधल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फुटाच्या. फायबर जोडायला आलेल्या मुलाने मोडेम पुढच्या पडवीत ठोकला, कारण वायर तिथून आत आली. मी लोकांची जीएसटीची रिटर्न भरते आणि माझं टेबल माजघरात. वीस तारखेला ३बी, म्हणजे दर महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरताना पोर्टलचं चक्र फिरत बसायचं, तेव्हा लॅपटॉप उचलून पडवीत, कोंबड्यांच्या शेजारी. सासूबाईंचा टीव्ही ओटीवर असल्याने त्यांचं बरं चाललं होतं, पण दुपारी मागच्या पडवीत मोबाइलवर कीर्तन लावायला गेल्या की रड. एकदा म्हणाल्या, "तुझं ते नेट माजघरापुढे येत नाही गो, त्याला सोवळं नेसवायला हवं की काय?"

प्लॅन १०० एमबीपीएसचा. पडवीत मोजलं तर ९४, माजघरात ११, स्वयंपाकघरात कधी २, कधी मोजणारं ॲपच उघडेना. सिग्नलची ताकद दाखवणारं एक फुकट ॲप मिळतं, ते घेऊन घरभर फिरले. पडवीत उणे ४२, माजघरात उणे ७१, चुलीपाशी उणे ८४ डीबीएम. ह्या आकड्यांत तीनने खाली गेलं की ताकद निम्मी होते. म्हणजे पडवीतून चुलीपाशी येईस्तोवर ती जवळपास सोळा हजारपट कमी झालेली! साधारण उणे ६७ पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे ८० च्या पुढे नुसत्या दांड्या दिसतात. त्यात चिरा सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पितो आणि पाणी ह्या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात माजघरात जे ११ यायचं, तेही श्रावणात येईना.

पहिली चूक माझी. १,३५० रुपयांचा रिपीटर मागवला आणि जिथे नेट नाही तिथेच, म्हणजे स्वयंपाकघरात, लावला. मोबाइलवर सगळ्या दांड्या भरल्या, नेट मात्र तेवढंच. रिपीटर सिग्नल बनवत नाही, कानावर पडतं ते मोठ्याने परत सांगतो. त्याच्याच कानावर कुजबूज पडत असेल तर तो बोंबलणार तरी काय? मग माजघराच्या दारात आणला, तर १८ मिळाले. स्वस्तातले रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग अर्ध्यावर येतो.

मग हा संच आणला, ५,२०० ला. लावणं खरंच सोपं आहे, ॲप मोबाइलवर, अर्धा तास. पण दोन गोष्टी सुरुवातीलाच करा, त्यात माझे दोन दिवस गेले. पहिली, मोडेमचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, नाहीतर फोन जुन्या नावाला चिकटून बसतो. दुसरी, संच ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता मोडेमचंच पुढे पसरवतो. मी टाकला नव्हता, तर वायरने थेट मोडेमला जोडलेला टीव्ही एका नेटवर्कवर आणि फोन दुसऱ्या. फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकायचा तर टीव्ही सापडेचना.

हवेतून जोडले तेव्हा दुसरा डबा माजघरात ठेवून तिथे ३० मिळाले. रिपीटरपेक्षा बरं, पण पाच हजार खर्च करून ३०? खोक्यावर मोठ्या अक्षरात 'वायरलेस' लिहिलंय खरं, पण दोन डब्यांच्या मध्येही तीच भिंत उभी. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, भिंतीला मात्र २.४ वाल्यापेक्षा लवकर हरतो. दोष डब्याचा नाहीच.

इथे खरी खरेदी झाली ती केबलची. दोन्ही डब्यांना मागे दोन-दोन गिगाबिट पोर्ट आहेत, एकातून दुसऱ्यात लॅन केबल टाकली की ते आपणहून हवा सोडून वायरने बोलतात. बाजारातून कॅट ६ घेतली, २५ मीटर. घरी येऊन आमच्या इलेक्ट्रिशियनने ब्लेडने तार खरवडली, तर वरून तांबं आणि आत पांढरी. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. "वहिनी, ही परत द्या, वाकवली की तुटते." परत दिली, अस्सल तांब्याची आणली, मीटरला २८ रुपये. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच खरवडून बघा, लाजू नका.

चिरा पोखरायची वेळ आली नाही. केबल पडवीतून माळ्यावर चढवली, कौलांखालून वाशाच्या कडेने नेली आणि स्वयंपाकघरात उतरवली. माळ्यावर उंदीर, म्हणून सगळी पाइपातून. मग क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला पिन बसवणं, ते सासूबाईंनी पाट टाकून बघितलं. आत तारांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला वेणीसारखा पीळ. इलेक्ट्रिशियनने पीळ अगदी टोकाशीच सोडला, पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा असा क्रम लावून आठही तारा एका रेषेत कापल्या आणि पिनेत सारल्या. टेस्टर लावला, त्यात प्रत्येक तारेचा एक दिवा, तर पाचवा पेटेना. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ ह्या चारच तारा लागतात, म्हणजे माझ्या प्लॅनला तशीही चालली असती. तो म्हणाला, "चालली असती, पण राहू दे कशाला?" पिन कापून परत केली. ह्या माणसाला पाचपैकी पाच. मजुरी ६०० घेतली आणि चहासुद्धा उभ्यानेच प्यायला.

आता दुसरा डबा स्वयंपाकघरातल्या फडताळावर आहे. तिथे ९२, माजघरात दार उघडं असताना ८८, मागच्या पडवीत ६० च्या आसपास. बोलत बोलत पुढून मागे गेलं तरी कॉल तुटत नाही, कारण दोन्ही डब्यांचं नाव एकच.

कुरबुरीही आहेत. पाण्याच्या पंपाचा स्मार्ट प्लग फक्त २.४ वर चालतो. फोन ५ वर असताना तो जोडायला गेले तर तो हटून बसला. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क फक्त २.४ वर सुरू करून त्यावर जोडला, तेव्हा ऐकला. दुसरं, एक डबा चालू राहून भागत नाही. लाइट गेली की दोन्ही डबे आणि मोडेम, तिघांना बॅकअप हवा. पुढे एक आणि मागे एक असे दोन मिनी यूपीएस घ्यावे लागले, हा खर्च आधी कुणी सांगत नाही. गोठ्यातला कॅमेरा अजून अडखळतोच. तो खळ्यापलीकडे आहे आणि हा संच घराबाहेर लावायचा नाही.

मधे एकदा मागचा वेग अचानक पडला. तासभर ॲपमध्ये डोकं घातलं. शेवटी फडताळाकडे बघितलं तर डब्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला आणि पुढे पितळेचे तीन डबे ओळीने. "उघडंबोडकं बरं दिसत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. डबा गरम झाला होता, आणि पितळेतून काही सिग्नल जात नाही. रुमाल आता मिक्सरवर आहे.

संचाला चार तारे. नव्या घरात, विटांच्या नऊ इंची भिंतीत तो वायरशिवायही चालून जाईल. चिऱ्याच्या घरात केबल टाकायची तयारी नसेल तर पैसे घालवू नका.

रिपीटर कपाटात पडून होता. शेजारच्या काकांनी नवं स्लॅबचं घर बांधलंय, त्यांच्या नातवासाठी मागून नेला. ह्यावेळी जागा मी दाखवली, जिन्याच्या मध्यावर. तिथे झकास चाललाय. पैसे नको म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी किलोभर आमसुलं आली.